वरवंट्याचं म्हातारपण

नागपूरच्या तांडापेठेत भरदिवसा मागांचा खटखटाट थांबला की समजावं, कोणी गेलं. चौऱ्याहत्तर सालच्या माघात संतुलनानंद महाराज आले, आणि पेठेतले माग पहिल्यांदाच कोणी न मरता बंद पडले.

बाबनरावांच्या साड्यांच्या वखारीपुढं मांडव पडला होता. रांग थेट नळापर्यंत गेलेली. बाया, बुढे, तरणे, सगळ्यांच्या गळ्याला पांढऱ्या कापडाची एकेक पट्टी बांधलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, साऱ्या पेठेचा घसा एकाच रात्री बसला. माणूस पुढं जाई, पट्टी सोडी आणि महाराजांच्या पुढ्यातल्या चिनीमातीच्या बशीत ठेवी. महाराज डोळे मिटून काही पुटपुटत आणि काचेच्या शिशीतून चार थेंब 'सूर्यजल' शिंपडत. सूर्यजल कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्यात केवडा आणि कापूर इतका ओतलेला, की मागच्या दोघांना शिंका येत. थेंब पडले रे पडले की शुभ्र पट्टीवर दौत लवंडल्यासारखा निळा-काळा डाग पसरे, आणि रांगेतून एकच सुस्कारा निघे, "अवं माय."

"हे तुझं म्हातारपण, बेटा," महाराज शांतपणे सांगत. "रात्रभर ग्रंथींतून झिरपलं आणि कापडात उतरलं."

महाराजांचं वय एकशे अकरा, असं बाबनराव सांगत. डोक्याचे केस डांबरासारखे काळे. कानांतले मात्र पांढरे. तिथवर योगशक्ती पोचायची राहिली असावी. कोणी म्हणे ते गिरनारचे, कोणी म्हणे कैलासाचे. बोलण्यावरून मला ते बऱ्हाणपूरच्या पलीकडचे वाटले नाहीत.

पण बोलणं मोठं गोड. देहात सात ग्रंथी, सात ग्रंथी म्हणजे सात नद्या. इंग्रज डॉक्टर ज्याला हार्मोन म्हणतो आणि सुईनं टोचतो, तो आपल्या ऋषींचा ग्रंथिरस. रस बिघडला की माणूस पिकला, रस जुळला की काळ थबकला. गोळ्यांनी काय होणार? "बाहेरचा पाहुणा कधी घरातला तंटा मिटवतो का?" असं विचारून ते थांबत, आणि ज्यांच्या घरी पाहुण्यांनीच तंटे लावले होते अशा सगळ्या बाया माना डोलावत. शेजारच्या गोदूबाईनं मला हळूच विचारलं, हा हार्मोन कोण गा? मी काही म्हणायच्या आत पुढचा माणूस म्हणाला, "इंग्रजाचा देव असन."

हसायला सोपं आहे. पण विणकराच्या म्हातारपणाचा हिशेब वेगळा असतो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, दिवसभर धोटा फेकून चाळिशीत डोळे जातात, पन्नाशीत गुडघे. मग माणूस मागावरून उठून सुताच्या कांड्या भरायला बसतो, कांड्यांवरून ओट्यावर, आणि ओट्यावर बसलेल्याला घरात दुसऱ्यांदा भाजी वाढत नाहीत. त्यात यंत्रमाग आलेले. त्यामुळे पेठेत तारुण्य ही चैनीची वस्तू नव्हती. महाराजांनी दुकान अगदी नेमक्या ठिकाणी थाटलं होतं.

महाराज पैशाला शिवत नसत. पैशाला बाबनराव शिवत. महाराजांना फक्त प्रत्येक मागावरची एक साडी 'ग्रंथिमाते'ला चालत असे. ग्रंथिमाता एकही साडी नेसताना कोणी पाहिली नाही. पण त्या हंगामात गांधीबागेतल्या बाबनरावांच्या दुकानात माल भरपूर होता.

उपचाराचं नाव 'नैसर्गिक संतुलन'. पहाटे उठून नाईक तलावापर्यंत चालायचं. तंबाखू बंद. रात्री लवकर जेवायचं, लवकर निजायचं. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर चूर्ण, ज्यात त्रिफळा आणि खडीसाखर याहून जास्त काही माझ्या जिभेला सापडलं नाही. डॉक्टरचं औषध मात्र अजिबात घ्यायचं नाही. आणि ती पट्टी रोज रिठ्याच्या कढत पाण्यात धुऊन, वाळवून, रात्री पुन्हा गळ्याला बांधायची. असं अक्षय्य तृतीयेपर्यंत केलं की पट्टीवर डाग उठणार नाही; सूर्यजल सोन्यासारखं चमकेल.

लोकांना बरंही वाटू लागलं. का नाही वाटणार? ज्यानं तीस वर्षं तंबाखू चघळली, उशिरा जेवण केलं आणि मागापलीकडे पाऊल टाकलं नाही, त्याला तलावापर्यंत नेऊन आणलं तर तो ताजा होईलच. हा सल्ला पेठेतली प्रत्येक बुढी फुकट देत होती. फुकट होता म्हणून कोणी घेत नव्हतं.

पट्टीची एक अट होती. कापड आपल्याच मागावरचं, कोरं, पाण्याचा थेंब न लागलेलं हवं. अट कोणाला खटकली नाही. कोष्ट्याच्या घरात कोरं म्हणजे पवित्र. नवरीला कोरं, देवाला कोरं, शेवटच्या प्रवासालाही कोरं. धुतलेलं ते माणसाचं, कोरं ते देवाचं. कोऱ्या कापडावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या मागावर थुंकणं.

मी विणकर सोसायटीच्या स्टोअरवर होतो. सूत द्यायचं, साड्या घ्यायच्या. दिवसभर बोटांत कापड. एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच गमतीची वाटली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शालिकरामबुवांची पट्टी जेमतेम निळसर झाली, आणि गुलाबचंद, अठ्ठावीस वर्षांचा गडी, सुताची गाठोडी एका हातानं उचलणारा, त्याची पट्टी कोळशासारखी. महाराजांनी उलगडा केला : "हा अंगानं तरुण, ग्रंथीनं नव्वदीचा." त्या दिवसापासून गुलाबचंद वाकून चालू लागला. बायकोनं त्याला पाण्याचे हंडे उचलू दिले नाहीत. तो खोकायलाही शिकला.

इथवर सगळं करमणुकीचं होतं. करमणूक संपली ती रुखमाबाईपाशी.

रुखमाबाई म्हणजे पेठेतलं सर्वांत धारदार तोंड. नळावर तिची घागर आधी भरत असे, कारण तिच्याशी भांडून कोणाची भरत नसे. पण हात असा, की ताण्याचा तुटलेला धागा ती न बघता, बोलता बोलता सांधे. सांधा कुठं आहे हे माझ्या बोटालाही कळत नसे. चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्याची मोठी गाठ मेडिकलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, काढली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, गाठीबरोबर गळ्यातली ग्रंथीही काढावी लागली आहे. आता रोज एक बारीक गोळी, जन्मभर.

महाराजांनी तिच्या गळ्यावरचा व्रण पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, माई, तुझी नदी कापली यांनी. गोळी सोड, नदी आपोआप वाहील.

तिनं गोळी सोडली.

आणि खरंच चमत्कार झाला. महिना-दोन महिन्यांत रुखमाबाईच्या तोंडावरच्या सुरकुत्या जाऊ लागल्या. गाल भरले, कातडी गुळगुळीत झाली, रंग पिवळसर गोरा आला. तोंडाचा पट्टा बंद पडला. नळावर ती गप्प उभी राही आणि लोक तिच्या पुढं घागर लावून जात. आवाज घोगरा, गंभीर झाला. बसल्या जागी डोळे मिटत. बाया म्हणू लागल्या, समाधी लागते. चैत्र संपता संपता नागपूरचं ऊन असं तापलं की डांबर चपलेला चिकटावं, आणि त्या उन्हात रुखमाबाई गोधडी पांघरून बसलेली, अंगावर घामाचा टिपूस नाही. तिनं ऋतू जिंकला, असं महाराजांनी जाहीर केलं. रोज संध्याकाळी तिला मांडवात चौरंगावर बसवू लागले. लोक पाया पडत. गुलाबचंद तर कपाळ टेकवी.

तिची सून वच्छला कॉर्पोरेशनच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पेठेत तिला मास्तरीण म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत. एखाद्या दिवशी सासूचं बोलणं ऐकू आलं नाही, तर का आलं नाही हे शोधणारी ही पोरगी. तिला या शांतीची धास्ती वाटली. भिवयांची बाहेरची टोकं गळालेली तिनं पाहिली, थंडगार हात पाहिले, जिभेचा जडपणा ऐकला. नवऱ्याला, रविंद्रला, तिनं सांगितलं, की आई तरुण होत नाहीत, विझत चालल्या आहेत. तो म्हणाला, चार वर्षं ती तुझ्याशी भांडत होती तेव्हा तुले त्रास होता. आता गप्प आहे तरी तुले त्रास. चोरून गोळी दुधातून द्यावी, तर रुखमाबाई दूध घेई ते महाराजांच्या मांडवातलं आणि तेही त्यांच्याच हातून. मेडिकलच्या डॉक्टरांकडे ती एकटी जाऊन आली. त्यांनी सांगितलं, बाईंना उचलून आणा, दिवस घालवू नका. उचलून आणणार कोण? चौरंगाभोवती अर्धी पेठ बसलेली.

सासूला तिनं हात जोडले, तेव्हा रुखमाबाई त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजवर लोकं मले भेत होते वं. आता पाया पडून राहिले. तुले काहून सोसत नाही?"



दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वच्छला माझ्या स्टोअरवर आली. सूत नको, साडी नको. तिनं विचारलं, "गोपाळभाऊ, पेठेत सगळ्यात जाड खळ कोण लावते?"

यासाठी मला विचार करावा लागला नाही. गुलाबचंद. साडी भरगच्च दिसावी, वजनात बसावी, म्हणून तो ताण्याला खळ पाजत नाही, गिलावा करतो. त्याच्या किती साड्या मी परत केल्या, हे त्याला विचारा.

"आणि सगळ्यात पातळ?"

शालिकरामबुवा. जुना हात, खळ लावली आहे हे कळतसुद्धा नाही.

"मंग महाराज माणसाचं वय नाही मोजून राहिले," ती म्हणाली. "खळ मोजून राहिले."

मग तिनं मला सातवीचा धडा शिकवला. बटाट्याच्या फोडीवर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला की फोड निळी-काळी पडते. भातावर टाका, पोळीवर टाका, तेच. जिथं पिष्ट, तिथं निळं. ताण्याला लावतात ती खळ कशाची? पिठाची आणि भाताच्या पेजेची. कोऱ्या कापडात खळ भरलेली, म्हणून डाग. दोन-तीन महिने रोज कढत पाण्यात धुतलं की खळ गेली, म्हणून डाग नाही; उरतो तो नुसता आयोडिनचा पिवळा. तेच महाराजांचं सोनं.

मी तोंडात बोट घालून बसलो. वीस वर्षं मी त्या खळीवर बोट फिरवत होतो. पेठेतला प्रत्येक माणूस पहाटे गल्लीत ताणा पसरून खळीचा कुंचा मारत होता. आणि एकालाही वाटलं नाही, की कापडात सुताखेरीज आणखी काही आहे. आम्हाला खळ दिसतच नव्हती. मासोळीला पाणी दिसत नसावं, तसं.

रविंद्रला तिनं हेही सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, कोऱ्या कापडात काय राहते? सूतच ना.

"घरात सांगून होणार नाही," वच्छला म्हणाली. "मांडवातच दाखवा लागन. तुम्ही खळीची बादली आणान का?"

मी सरकारी नव्हे, पण सोसायटीचा नोकर. भांडणात पडणं माझ्या स्वभावात नाही. पण बादली उचलणं म्हणजे काही भांडण नव्हे, असा मी मनाशी निकाल दिला.

अक्षय्य तृतीयेला मांडव भरून वाहत होता. आज पट्ट्यांचं सोनं होणार होतं. चौरंगावर रुखमाबाई गोधडीत, मान छातीवर. बाजूला महाराज आणि बाबनराव. एकेक पट्टी सोनेरी होत गेली, आणि ज्याची झाली तो लगेच ताठ चालत गेला. गुलाबचंदची सोनेरी झाली तेव्हा त्याचा खोकला जागच्या जागी थांबला.

मग वच्छला पुढं झाली. तिच्या हातात पट्टी होती. "महाराज, ही पण पाहा," तिनं नम्रपणे म्हटलं. "एक जण घरी आहे. चालत येऊ शकत नाही."

महाराजांनी थेंब टाकले. पट्टी काळी झाली, आजवरची सर्वांत काळी.

"अरेरे," महाराज म्हणाले. "फार जीर्ण देह. कोण आहे हा?"

वच्छलानं पिशवीतून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. वरवंटा होता. "रात्रभर याच्या गळ्याले बांधली होती."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. बाबनरावांचा चेहरा पडला. पण महाराज एकशे अकरा वर्षं उगाच जगले नव्हते. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, पाषाण हा लक्षावधी वर्षांचा असतो, माई; सूर्यजल खोटं बोलत नाही. लोकांनी माना डोलावल्या. दगड जुना असतो, हे खरंच होतं.

वच्छलानं दुसरी पट्टी काढली. ती झाली सोनेरी. ही बांधली होती पाट्याला, त्याच दगडाच्या सख्ख्या भावाला. फक्त वरवंट्याची पट्टी कोरी होती, आणि ही शालिकरामबुवांच्या जुन्या, शंभरदा धुतलेल्या धोतराची. आता पाटा तरुण आणि वरवंटा म्हातारा कसा, याचं उत्तर तिनं महाराजांकडे मागितलं. शालिकरामबुवा मात्र मागून म्हणाले, "पाटा बसून राहते बाप्पा. वरवंट्याले राबा लागते." या वेळी सगळा मांडव हसला.

मी बादली पुढं सरकवली. पहाटेची ताजी खळ, पांढरी, घट्ट. वच्छलानं महाराजांना विनंती केली, यावर चार थेंब. महाराज म्हणाले, सूर्यजल अपवित्र वस्तूवर पडत नाही. तेव्हा तिनं कनवटीची शिशी काढली, औषधाच्या दुकानातली, जी पोट्ट्यांचे गुडघे फुटले की घरोघरी उघडते. बूच काढताच वास पसरला, केवड्याशिवायचा. तिनं शिशी बादलीवर तिरपी केली.

खळ काळी झाली.

 मग बायांमधून गोदूबाईचा आवाज आला, "हे तं टिंचर हाय वं." आणि गुलाबचंद सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाला, "म्हणजे मी म्हातारा नव्हतो. माही खळ जाड होती."

"ते मी तुले सात वर्षांपासून सांगून राहिलो," मी म्हणालो.

माझ्या मते खेळ इथं संपला होता. महाराजांच्या मते नव्हता. ते उठले, चौरंगाजवळ गेले आणि रुखमाबाईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कापड सोडा. कापड मायेचं आहे. या माईकडे पाहा. हिच्या सुरकुत्या कोणी पुसल्या? या उन्हात हिला घाम नाही, हे टिंचर आहे का? हा राग गेला, ही शांती आली, हीसुद्धा खळच का?"

हसू विरलं. लोक रुखमाबाईकडे पाहू लागले. ते भरलेलं, चकचकीत, शांत तोंड खरंच देवीच्या मुखवट्यासारखं दिसत होतं. रविंद्र बायकोला म्हणाला, आता पुरे, चाल घरी. मला वाटलं, हरली पोरगी.

वच्छला चौरंगापुढं खाली बसली. महाराजांकडे तिनं पाहिलंच नाही.

"हो, खळच आहे," ती म्हणाली. "आई, जाड खळीची साडी दुकानात कशी दिसते? भरगच्च. पहिल्या धुण्यात काय होते?"

रुखमाबाईनं डोळे उघडले. जड जिभेनं म्हणाली, "जाळं होते. खळ जाते, विरळ सूत राहते."

"तुमच्या तोंडावर तशी खळ चढली आहे. सुरकुत्या गेल्या नाही, सुजेखाली बुजल्या. पाण्यात पडलेल्या माणसाच्याही बुजतात." मग तिनं ओच्यातून ताण्याचे दोन तुटके धागे काढले आणि सासूच्या मांडीवर ठेवले. "तुम्ही तरण्या झाल्या म्हणतात. सांधा."

 पेठेत प्रत्येकाला ठाऊक होतं, की हे काम रुखमाबाई झोपेतही करील. दोन टोकं चिमटीत धरायची, एक पीळ, एक फिरकी, झालं.

रुखमाबाईनं गोधडीतून हात काढले. बोटं फुगलेली. तिनं एक धागा उचलला, तो निसटला. पुन्हा उचलला. दुसरा सापडेना, मांडीवर बोटं फिरत राहिली, पण बोटाखाली धागा आहे हे त्यांना कळत नव्हतं. चिमटी जुळली, पीळ बसला नाही. तिसऱ्यांदा दोन्ही धागे खाली पडले. शालिकरामबुवांनी मान दुसरीकडे वळवली. महाराज म्हणाले, सिद्ध पुरुषाला कर्माची गरज राहत नाही. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. ती सगळी माणसं सूतवाली होती. पट्टीचा रंग त्यांना फसवू शकला, धागा फसवू शकत नव्हता.

रुखमाबाई स्वतःच्या हातांकडे पाहत होती, जणू कोणी तिच्या मांडीवर दुसऱ्याचे हात आणून ठेवले होते.

"वच्छला," ती म्हणाली, "माहे हात कोठं गेले वं?"

 रविंद्र पुढं आला. त्यानं महाराजांना धक्का दिला नाही, शिवी दिली नाही. फक्त त्यांना ओलांडून आईला गोधडीसकट उचललं. रिक्षा आणायला गुलाबचंद धावला. अगदी ताठ धावला.

डॉक्टरांनी सांगितलं ते इतकंच. ज्या ग्रंथीचं संतुलन महाराज करत होते, ती या बाईच्या गळ्यात उरलेलीच नव्हती. तिचा रस म्हणजे ती गोळी. ती बंद केली, तेव्हा देहाची चूल विझत चालली : म्हणून थंडी, म्हणून सूज, म्हणून झोप. आणखी थोडे दिवस गेले असते, तर एका संध्याकाळी ती चौरंगावरून उठलीच नसती, आणि मला खात्री आहे, आम्ही त्याला महासमाधी म्हटलं असतं.

महाराज गेले. श्रद्धा कमी पडली, असं सांगून गेले. ग्रंथिमातेच्या साड्यांबद्दल बाबनरावांनी नंतर काही सांगितलं नाही, पण पेठेतल्या बाया पुढं महिनाभर त्यांच्या दुकानावर जाऊन विचारत राहिल्या आणि बाबनराव दुकान मागच्या दारानं उघडू लागले. महाराज आता सावनेरकडे, कोळशाच्या खाणीच्या बाजूला आहेत, असं ऐकतो. तिथं त्यांना टिंचरचाही खर्च नसेल. खाणीवाल्याच्या गळ्याला पांढरी पट्टी बांधली की ती सकाळी आपोआप काळी निघते.

पेठेत अजून काहीजण म्हणतात, पण मला बरं वाटत होतं ना गा. वाटत होतं, कबूल. ते चालणं चालू ठेवा, तंबाखू सोडा, वेळेवर निजा. त्याला महाराज लागत नाहीत. म्हातारपण हा रोग नाही, विष नाही, आणि कापडात उतरत नाही. रोग झाला तर तो डॉक्टरला दाखवायचा, आणि जी गोळी त्यानं जन्मभर सांगितली ती कोणाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून सोडायची नाही. आणि उद्या कोणी नवा आला, तुमच्या गळ्याला, नाडीला, कपाळाला काही लावून चमत्कार दाखवू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला फक्त म्हणा, आधी हे आमच्या वरवंट्यावर करून दाखव. वरवंट्यावरही तेच झालं, तर समजा, तुमच्यात काही नव्हतं. जे होतं ते त्याच्या शिशीत होतं.

पोळ्याच्या सुमारास मी नळावरून जात होतो. रुखमाबाईचा आवाज दोन गल्ल्या आधीच ऐकू आला. कोणीतरी तिच्या पुढं घागर लावली होती आणि ती त्या घराण्याचा तीन पिढ्यांचा हिशेब मांडत होती. रविंद्र ओट्यावर बसून ऐकत होता, लोक भजन ऐकतात तसा. मी वळून पाहिलं. तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या परत आल्या होत्या, एकही कमी नव्हती. बोलता बोलता, न बघता, तिची बोटं एक तुटका धागा सांधत होती.